जोडबाई थांबतात

ताईंना आज पाणी मिळालं असेल का, हा प्रश्न बिट्टीच्या आईच्या डोक्यात सकाळपासून ठाण मांडून बसला होता. चष्म्याच्या काचा पुसताना तो होता, फ्रेमची काडी गरम करून वाकवताना होता. एका आजोबांना तिने भिंतीवरच्या तक्त्यातली खालची ओळ वाचायला सांगितली. त्यांनी ती वाचून संपवली, तरी ही आपली तशीच उभी.

"आणखी वाचू, की एवढ्यावर पास केलंस?" आजोबांनी विचारलं.

दुकानाच्या मालकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती ओशाळून हसली आणि काच बदलली. पण काच बदलून प्रश्न थोडाच बदलतो?

ताई तिच्या नात्यातल्या नव्हेत, गोत्यातल्या नव्हेत. बिट्टीला वाचायला शिकवणाऱ्या बाईंच्या त्या थोरल्या बहीण. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं अर्धवट झालेलं. धाकट्या बहिणीच्या घरी, आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुर्चीत त्या दिवसभर बसून असायच्या. आणि त्या घराचा एक नियम होता. दिलेला शब्द पुरा म्हटल्याशिवाय पाणी नाही.

बिट्टीच्या आईला हे माहीत होऊन बरेच दिवस झाले होते. तरी ती मूग गिळून गप्प होती. कारण सरळ होतं. बिट्टी वाचायला लागली होती.

बिट्टी दुसरीतली. छोटे शब्द ती वाचायची. घर, पाय, वाट, हात. पण लांबलचक शब्द समोर आला की पोरीची पाचावर धारण बसायची. मग सुरुवातीची दोन अक्षरं बघून ती सरळ ठोकून द्यायची. 'हातरुमाल' दिसला की 'हातोडा', 'पायवाट' दिसली की 'पायजमा'. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "मुलगी वाचत नाही हो, ओळखते. सुट्टीनंतर चाचणी आहे. त्यात अडली तर मागच्या तुकडीत बसवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, काही मुलं जरा सावकाश असतात."

मागची तुकडी म्हणजे काय ते सगळ्या आयांना ठाऊक होतं. स्वच्छतागृहाला लागून असलेली खोली. शिक्षक तिथे आळीपाळीने जायचे आणि तास संपायच्या आधीच बाहेर यायचे. त्या मुलांना सगळी शाळा 'मागचे' म्हणायची, आणि मागचे कधी पुढे आलेले कुणी पाहिले नव्हते.

"होईल गं," बिट्टीचे बाबा म्हणाले. "मीसुद्धा उशिराच वाचायला शिकलो."

"तू शिकलास?" सासूबाईंनी आतून विचारलं. "कधी रे? आम्हाला नाही कळवलंस ते."

सगळे हसले. बिट्टीची आई हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी जोडबाईंचा जिना चढला.

जोडबाई हे काही खरं नाव नव्हे. शाळेतून निवृत्त झाल्यावर किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या शिकवणी घ्यायच्या, आणि शिकवायच्या एकच गोष्ट. जोडशब्द. बाकीचं मुलं आपोआप शिकतात, म्हणायच्या; अडतात ती इथे. उंच, काटकुळ्या, कपड्यांना कडक इस्त्री, पांढरे केस मानेवर घट्ट आवळलेले. आवाज इतका खालचा की ऐकायला मुलांना श्वास धरावा लागे. बाहेरच्या खोलीत एक सतरंजी, एक टेबल, टेबलावर पाण्याचा जग आणि पालथा घातलेला एकच पेला. भिंतीला आडवी दोरी आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले पुठ्ठ्याचे तुकडे. प्रत्येक तुकड्यावर अर्धा शब्द.

"शब्द मोठा दिसला की घाबरायचं नाही," बाई पहिल्या दिवशी बिट्टीला म्हणाल्या. "कपड्याला असते तशी त्याला शिवण असते. ती शोधायची. तिथे उसवायचा, दोन तुकडे वेगळे वाचायचे, परत शिवून टाकायचा. काय करायचं?"

"उसवायचा," बिट्टी म्हणाली.

"आणि?"

"शिवायचा."

"हातगाडी म्हणजे काय? हात की गाडी?"

बिट्टीने विचार केला. "गाडी."

"बरोबर. मागचा तुकडा सांगतो, वस्तू काय. पुढचा सांगतो, कसली. आगगाडी गाडीच, घोडागाडी गाडीच. मग पायपुसणं?"

"पुसणं. पायांचं."

"जा, त्यावर उभी राहा." दारातल्या पायपुसण्यावर बिट्टीला खरोखर उभं केलं त्यांनी. पोरगी तो शब्द जन्मात विसरणार नाही, असं तेव्हाच वाटलं तिच्या आईला.

शिकवण्याची हातोटी होती बाईंकडे, यात वादच नाही. मग नियम आला. मुलं जोडीजोडीने बसायची. एकीच्या गळ्यात शब्दाचा पुढचा तुकडा, दुसरीच्या गळ्यात मागचा. समोरासमोर उभं राहायचं. आधी आपला वाचायचा, मग समोरचीचा, मग दोन्ही एका दमात. एकजण अडला की दोघं थांबणार. खाली बसायचं नाही, पाणी नाही, घरी जायचं नाही.

"मी मुलांना हात लावत नाही," बाई म्हणाल्या. "मठ्ठ, ढ, असलं माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. मी फक्त थांबते."

हे ऐकायला किती सभ्य वाटलं होतं.

बिट्टीची जोडी लागली खालच्या किल्लीवाल्याच्या मुलीशी. ती बिचारी बिट्टीपेक्षाही कच्ची. एका दुपारी तिच्या गळ्यात 'दाणी' होतं आणि बिट्टीच्या गळ्यात 'फूल'. दोन्ही एका दमात म्हणायची वेळ आली की किल्लीवाल्याची मुलगी 'फूल' म्हणायची आणि गप्प. बाई थांबल्या. बाकीच्या जोड्या शब्द संपवून, पाणी पिऊन, चपला घालून गेल्या. बाई थांबलेल्याच. उन्हाने खोली तापली होती. बिट्टी समोरच्या मुलीकडे डोळे वटारून बघत होती, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते छडीपेक्षा जास्त लागत असावं. कारण किल्लीवाल्याच्या मुलीने मान खाली घातली आणि तिच्या पायांखाली सतरंजी ओली झाली.

बाई उठल्या. फडकं आणलं. स्वतः गुडघ्यावर बसून सतरंजी पुसली, फडकं धुऊन वाळत घातलं, परत जागेवर येऊन उभ्या राहिल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "फूल. पुढे?"

"दाणी," किल्लीवाल्याची मुलगी म्हणाली. "फुलदाणी."

बाईंनी पेला सुलटा केला, भरला आणि पहिला घोट तिला दिला.

हे बिट्टीनेच घरी सांगितलं, रात्री जेवताना, जराही न अडखळता. "आणि मग मला उरलेलं पाणी. मला काय तहान लागली होती गं आई. तिच्यामुळे."

आईने हातातला घास ताटात ठेवला. उद्यापासून पाठवायचं नाही, असं तिने मनात ठरवूनही टाकलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बिट्टी आईला दुकानात भेटायला आली, आणि दारात थबकून वर बघत राहिली. ओठ हलत होते. मग तिने मोठ्याने म्हटलं, "चष्मा. घर. चष्माघर." आणि अगदी सहज विचारलं, "अय्या, तुझ्या दुकानाचं नाव हे आहे होय?"

तीन वर्षं ती त्या पाटीखालून ये-जा करत होती. आईने तिला कवेत घेतलं. मालकसुद्धा काउंटरमागून बाहेर आले आणि बिट्टीला चष्मा पुसायचं मऊ फडकं बक्षीस दिलं. शिकवणी बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. किल्लीवालासुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला होता, "आमची पोरगी आता पाट्या वाचते. वरच्या बाईंचा हात लागला."

हात लागला, असं म्हणाला तो. हात कधीच लागला नव्हता.

मग एकदा बिट्टीची आई तिला न्यायला लवकर पोचली. जिना चढून दम लागला होता, हातांना बसमधल्या दांड्याचा काळा डाग लागला होता. बाई मुलांमध्ये होत्या. त्यांनी न बोलता आतल्या दाराकडे बोट केलं. मोरी त्या बाजूला.

आतल्या खोलीत ताई बसल्या होत्या. गोल चेहरा, उजवा हात मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्याच्या वस्तूसारखा. गळ्यात दोरी, दोरीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर 'काडेपेटी'. समोरच्या स्टुलावर पाण्याने भरलेला पेला, बशीने झाकलेला. स्टूल मुद्दाम इतकं लांब होतं की डावा हात पोचू नये.

बिट्टीच्या आईला आधी हसूच आलं. तिला वाटलं, मुलांनी आजींना खेळात घेतलंय. मग तिने ताईंचे ओठ पाहिले. कडांना पांढरे पडलेले, मधोमध फुटलेले.

"काडे," ताई म्हणाल्या. डोळे पेल्यावर. "काडे. काडे."

"पेटी," बिट्टीची आई कुजबुजली.

ताईंनी तिच्याकडे पाहिलं. ओठांची जुळवाजुळव केली. "काडे," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"सांगू नका तिला." बाई दारात उभ्या होत्या. आवाज नेहमीसारखाच खाली. "सांगून आलेला शब्द टिकत नाही. सकाळपासून माझ्याही पोटात चहा नाही गेलेला. विचारा तिला. ती अडली की मीही थांबते. जोडी म्हणजे जोडी."

"अहो बाई, पण त्या आजारी आहेत."

"डॉक्टर म्हणाले होते, हिचं बोलणं गेलं ते गेलं. हॉस्पिटलातून आणली तेव्हा नुसतं आ करायची. आज शब्दाचा पुढचा तुकडा हमखास म्हणते. कधीकधी अख्खा. कुणी आणला तो? डॉक्टरांनी?"

बिट्टीच्या आईने मोरीत हात धुतले. पाणी नळातून पडताना मागे खुर्ची करकरल्याचा आवाज आला. तिने नळ घाईघाईने बंद केला.

त्या दिवशी मुलं गेल्यावर बाईंनी तिला बसवून घेतलं. बिट्टी खाली किल्लीवाल्याकडे खेळायला पळाली. आणि बाई बोलल्या. कुणाची तक्रार करावी तशा नव्हे, हवापाण्याचं बोलावं तशा.

त्यांचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पत्नी लवकर वारली. दोन मुलींना ते रोज संध्याकाळी समोरासमोर उभं करून वाचून घ्यायचे. एकीने अर्धी ओळ वाचायची, दुसरीने उरलेली. एक चुकली की दोघींचं ताट परत.

"मी कधी चुकले नाही," बाई म्हणाल्या. "मला चौथ्या वर्षी वाचता येत होतं. चुकायची ही. रोज. हिचं लक्ष खिडकीबाहेर. माझं लहानपण हिच्यापायी उपाशी गेलं, बिट्टीच्या आई. रात्री भुकेने झोप यायची नाही आणि ही शेजारी घोरायची. तिला काय, तिला भूक सोसायची. पुढे लग्न करून गेली, सुटली. मागे वडिलांचं म्हातारपण माझ्या गळ्यात. शेवटी शेवटी त्यांची नजरही गेली, तर मी वाचायचं आणि त्यांनी चुका काढायच्या."

"चुका असायच्या?"

"नसायच्या. तरी काढायचे." बाई पहिल्यांदाच हसल्या. दात बारीक, पांढरेशुभ्र. "आता आलीय परत. मेहुणे गेले, मुलीची नोकरी परगावी, सांभाळायला कोण? मावशी. मावशीला कुठे घरदार आहे? घे, सांभाळ."

"तुम्हाला राग येतो त्यांचा?"

"राग?" बाईंना खरंच नवल वाटलं. "मी तिला वाचायला शिकवतेय. वडिलांना जमलं नाही ते मी करून दाखवीन."

तेवढ्यात आतून हळूच ऐकू आलं, "काडे… पेटी."

बाई ताडकन उठल्या. चेहरा असा उजळला की बघत राहावं. धावत जाऊन त्यांनी बशी बाजूला केली, बहिणीचं डोकं छातीशी धरलं, पेला तिच्या तोंडाला लावला. "हळू. ठसका लागेल. हळू गं ताई." आणि मग उरलेलं पाणी स्वतः घटाघटा प्यायल्या, उभ्या उभ्याच. दोघींच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं.

बिट्टीची आई जिना उतरून आली ती डोकं सुन्न होऊन. हे दुष्टपण म्हणावं, तर मग ती मिठी कसली? आणि माया म्हणावी, तर ते लांब ठेवलेलं स्टूल?

पुढच्याच आठवड्यात ताईंची मुलगी चष्माघरात आली. ताईंच्या जुन्या चष्म्याची काडी तुटली होती, नवा करायला टाकला होता. तयार झाल्यावर बिट्टीच्या आईनेच फोन करून तिला कळवलं होतं. दोन दिवसांची रजा काढून आलेली, डोळ्यांखाली काळं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन.

"तुमची मुलगी मावशीकडे शिकते ना?" ती म्हणाली. "मावशी म्हणजे देवमाणूस हो. मी रोज फोन करते. मागे आईने फोनवर 'आगगाडी' म्हटलं. स्पष्ट. मी ऑफिसात रडले. साहेबांना वाटलं, घरी कुणी गेलं."

बिट्टीची आई चष्मा फडक्याने पुसत राहिली. पुसून पुसून काच झिजायची बाकी होती.

"वाळलीय मात्र फार," ताईंची मुलगी म्हणाली. "मावशी म्हणते, या आजारात जेवण जात नाही. तुम्ही जाता-येता बघत असाल ना? कशी असते ती?"

आता. आता सांगायचं. तोंड उघडलंही होतं तिने.

"बऱ्या असतात," ती म्हणाली. "खिडकीशी बसलेल्या असतात."

"काही वाटलं तर कळवाल ना मला? नंबर आहेच तुमच्याकडे."

"हो. कळवीन की."

चाचणी तेव्हा तोंडावर आली होती. बिट्टी दोन तुकड्यांचे शब्द वाचायला लागली होती, पण आत जोडाक्षर आलं की अजून पाय घसरायचा. चाचणी होऊ दे, बिट्टीच्या आईने स्वतःला बजावलं. ताईंचं इतके दिवस चाललंय, आणखी थोडे दिवस. त्यांना शब्द तरी येतायत. आपल्या पोरीचं तर आयुष्य आहे पुढे. असा हिशेब तिने मांडला, आणि तो जमलाही. आई असली की असले हिशेब फार चटकन जमतात.

मग तो नियम तिच्याच घरी आला.

सासूबाईंची गुडघेदुखीची गोळी दुपारच्या जेवणानंतरची. त्या दिवशी दुकानाला सुट्टी, बिट्टीची आई घरीच, कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेरच्या खोलीत बिट्टी आजीशी शाळा-शाळा खेळत होती. आधी हशा ऐकू येत होता.

"अगं, मला नाही दिसत एवढं बारीक. मोठं लिही."

"आजी, नाटकं नकोत. वाच."

"सूर्य… सूर्य काय ते. सूर्यनारायण."

"चूक. ओळखायचं नाही, वाचायचं."

"बरं बाई. चुकले. पाणी दे आता, गोळी घेते."

मग बराच वेळ आवाजच नाही. बिट्टीची आई हातात टॉवेल घेऊन दारात आली. सासूबाई खाटेवर बसलेल्या, तोंड मिटलेलं, डोळे बारीक केलेले. गोळी जिभेवर ठेवून बसल्या होत्या. ती विरघळत होती, आणि कडू चव सगळ्या चेहऱ्यावर पसरली होती. समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, बिट्टी उभी. दोन्ही हातांत पाण्याचा पेला. पाठीचा कणा ताठ. गळ्यात चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर 'सूर्यफूल'.

"बिट्टी, काय करतेस?"

"काहीच नाही. मी फक्त थांबलेय."

आईने पेला तिच्या हातातून हिसकावला. सासूबाई घटाघटा प्यायल्या, मग खोकून खोकून लाल झाल्या. "अगं, पोरगी खेळत होती," त्या म्हणाल्या, पण नातीकडे न बघता. "हिच्या मास्तरणीला म्हणावं, मला मागच्या तुकडीत घाला. तिथे पाणी तरी मिळत असेल."

या वेळी कुणी हसलं नाही.

"तुला कळतं का, आजीला किती त्रास झाला?" आईने बिट्टीचा दंड धरला.

बिट्टीला रडू आलं नाही. ती चकित झाली होती. "मीपण नाही प्यायले," ती म्हणाली. "सकाळपासून. विचार आजीला. ती अडली की मीपण थांबते." आणि आईने बघितलं तर पोरीचे ओठ कडेने पांढरे पडले होते.

दुसऱ्या दिवशी बिट्टीची आई मुद्दाम लवकर जिना चढली. हात धुते म्हणून आत गेली. ताईंच्या गळ्यात 'रातराणी' होतं. तिने बशी काढली आणि पेला ताईंच्या ओठांना लावला. ताईंनी आधी दाराकडे पाहिलं. मान हलवली, नको नको केलं. मग तहान जिंकली. त्या अशा प्यायल्या की पेल्याच्या काठावर दात वाजले. तिने पेला परत भरून, झाकून, होता तसा ठेवला, आणि आपण काहीतरी मोठं केलं अशा समाधानात बिट्टीला घेऊन घरी आली.

ताईंच्या अंगावर सांडलेलं पाणी मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

ही मंगळवारची गोष्ट. आणि आज, गुरुवारी सकाळी, कामावर येताना किल्लीवाल्याने तिला हाक मारली. हातात कानस, दातांत पितळी किल्ली. किल्ली काढून म्हणाला, "अहो, तुमच्या बाईंचं काय चाललंय? काल मला वर बोलावलं. म्हणे, स्वयंपाकघराला कुलूप बसव. मोरीच्या दारालाही. इतकी वर्षं धंदा करतोय, नळाला कुलूप लावणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, बाई, उंदीर झालेत का? तर म्हणाल्या, हो, एक झालाय. दोन पायांचा."

तो खो खो हसला.

"दुसरी किल्ली देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, एकच पुरे. आता ती गळ्यात घालून फिरतात. मुलांच्या गळ्यात शब्द, बाईंच्या गळ्यात किल्ली." त्याने कानस किल्लीवरून फिरवली आणि हसणं जरा ओसरलं. "रात्री वरून ठोकल्याचा आवाज येत होता. जमिनीवर. काठीने ठोकावं तसा. मी बायकोला म्हटलं, बाई शब्द तोडतायत वाटतं."

"किती वेळ?"

"मला झोप लागेपर्यंत होता." त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "का हो? काही झालं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि बस पकडली.

आणि तेव्हापासून हा प्रश्न. आजोबांनी पसंत केलेल्या फ्रेमचे स्क्रू आवळताना तिला ते जमिनीवरचं ठोकणं ऐकू येत होतं. बाई थांबल्या असतील. स्वतःही पाणी न पिता, किल्ली गळ्यात, दारात ताठ उभ्या. त्या दमणार नाहीत. लहानपणापासूनची सवय आहे त्यांना. आणि पेला लांब ठेवला होता तोवर निदान डोळ्यांसमोर तरी होता. आता कुलूप आहे, आणि ते आपण लावलंय. किल्लीवाल्याने नुसतं बसवलं.

चाचणी सोमवारी. सोमवारी दुपारी फोन केला तर? मधे तीनच दुपारी राहतात. बाईंनी कालच बिट्टीला 'विद्यार्थिगृह' दिला होता आणि पोरीने तो दोनदा आपटून तिसऱ्यांदा उभा केला होता. आज फोन केला की ताईंची मुलगी संध्याकाळच्या गाडीने निघेल, वर जाऊन आकांडतांडव करेल, आणि उंदीर कोण ते बाईंना सांगावं लागणार नाही. बिट्टीची जोडी मोडेल. सोमवारी पोरगी एकटीच उभी राहील, अर्ध्या शब्दावर अडेल, आणि स्वच्छतागृहाशेजारच्या खोलीत जाऊन बसेल. 'मागची' होईल. त्याला जबाबदार तिची आई.

हिशेब परत मांडून झाला. पण या वेळी मध्येच बिट्टी आडवी आली. दोन्ही हातांत पेला धरलेली, सुकल्या ओठांची, पाठ ताठ. ती उभी होती तिथून हलायला तयार नव्हती. वाचता येत होतं तिला आता. तेवढंच येत होतं असं नव्हे.

"झालं का पोरी?" आजोबा म्हणाले. "का माझा चष्मा घालून तूच बघणार आहेस?"

"झालं, आजोबा." तिने चष्मा त्यांच्या कानांवर बसवला, नाकावर बोटाने हलकेच दाबला. "दिसतंय नीट?"

"तू दिसतेस. फार काळजीत दिसतेस."

तिने ॲप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि काउंटरखालून फोन घेतला.

"एक फोन करून येते," ती मालकांना म्हणाली.

"आत्ता? पुढचं गिऱ्हाईक बसलंय."

"परगावी करायचाय. संध्याकाळची गाडी मिळायला हवी त्यांना."

मालक काही विचारणार होते, पण तोवर ती काचेचं दार ढकलून पाटीखालच्या पायरीवर आली होती. 'ताईंची मुलगी, चष्मा' या नावाने साठवलेला नंबर तिने शोधून काढला. आधी सांगायचं कुलपाचं. मग पाण्याचं. आणि ती विचारेल, तुम्हाला कधीपासून माहीत होतं, तेव्हा तेही सांगायचं.